साल एकाचं, राबणं साऱ्या घराचं

गुढीपाडव्याला आमच्या सदलग्यात घरोघरी गुढी उभी राहिली, की दुपारी मळेवाल्यांच्या सोप्यात आणखी एक व्यवहार चालायचा. सालगडी ठरायचे. मालक आणि गडी समोरासमोर बसायचे, मध्ये एखादा जाणता माणूस असायचा. पाडवा ते पाडवा चाकरी, धान्य किती, रोख किती, कपडालत्ता काय, एवढं बोलणं व्हायचं. मालक गड्याच्या हातावर इसाराचा रुपाया ठेवायचा आणि साल पक्कं व्हायचं. कागद नाही, सही नाही. तोंडचा शब्द आणि तो रुपाया यांवर एका माणसाचं वर्ष बांधलं जायचं.

एका माणसाचं, असं सगळे म्हणायचे. खरं तर त्या रुपायानं त्याची बायको बांधली जायची, आई बांधली जायची, कळती झालेली पोरं बांधली जायची. माझे पणजोबा असे सालगडी होते. त्यांच्यामागं आजोबांनीही तीच चाकरी केली. मी शिकले, प्राथमिक शाळेत शिक्षिका झाले, आणि आता निवृत्तीनंतर आमच्या भागाचा जुना इतिहास वाचत बसते. त्या वाचनात व्हिक्टोरिया राणीच्या काळातला, म्हणजे १८३७ ते १९०१ मधला, स्कॉटलंडचा शेतगडी भेटला. थंडी-धुक्याचा मुलूख, घोड्यांचे नांगर, ओटचं पीठ. सगळं आमच्याहून वेगळं. पण त्याच्या सालाच्या अटी वाचल्या आणि आज्जीनं सांगितलेलं घर समोर आलं. दोन्हीकडं साल पुरुषाचं ठरायचं आणि राबायचं सगळं घर. या दोन घरांविषयी मला सांगायचं आहे, कारण ही रीत अजून संपलेली नाही.

दूधगंगेकाठचं घर

सदलगा चिकोडी तालुक्यात, दूधगंगेच्या काठी आहे. नदीपलीकडं दत्तवाड, म्हणजे महाराष्ट्र. आचार्य विद्यासागर महाराजांचं जन्मगाव म्हणून देशभरचे जैन बांधव आमचं गाव ओळखतात. बाजारात एका तोंडी मराठी आणि दुसऱ्या तोंडी कन्नड ऐकू येते, आणि पुष्कळांच्या तोंडी दोन्ही. चिकोडीचा मुलूख आधी कोल्हापूरकर छत्रपतींकडं होता. १८२७ च्या तहानं तो इंग्रजांकडं गेला आणि १९५६ पर्यंत मुंबई इलाख्यात, पुढं मुंबई राज्यात राहिला. जमीन काळी, पाणी धरणारी. जोंधळा, हरभरा, तंबाखू आणि विहिरीच्या पाण्यावर ऊस.

अशा मळ्यावर सालगडी म्हणजे बैलांचा माणूस. पहाटे चांदणी असताना उठून त्यानं वैरण टाकायची, शेण काढायचं, दिवस उगवायच्या आत मोट धरायची. धावेवरून बैल खाली घालवायचे, मोट थारोळ्यात ओतली की मागं सारायचे, आणि पाट फुटेपर्यंत हेच. नांगरट, कुळवणी, पेरणी, मळणी ही कामं हंगामाप्रमाणं यायची. थंडीत ऊस तुटला की गुऱ्हाळ लागायचं. गुळव्या काहिलीजवळ, जळव्या चुलवाणापुढं, आणि घाण्याला ऊस लावायला, चिपाडं वाळत टाकायला सालगडी. गुऱ्हाळ चालू असेपर्यंत रात्र आणि दिवस एकच असायचे.

या चाकरीबद्दल पणजोबांना जोंधळा मिळायचा, थोडी रोख मिळायची, वर्षाकाठी धोतरजोडी, पटका, एक घोंगडं आणि पायताणाचा जोड. कर्नाटकी बेंदराला बैलांची शिंगं रंगवली, मिरवणूक काढली, की गड्याला गोडाचं जेवण आणि मानाचा नारळ मिळायचा. वर्षातला तो एक दिवस त्यांचा होता, असं आज्जी सांगायची. बैल आपल्या मालकीचे नसले तरी त्यांना घडवलेलं आपण आहे, हा अभिमान त्या दिवशी पणजोबांच्या चालण्यात दिसायचा.

आणि पणजी? तिचं साल कुणी ठरवलं नव्हतं. पण उजाडायच्या आधी ती मालकाच्या वाड्यावर जायची. अंगण झाडायचं, सडा घालायचा, शेणी थापायच्या, दळण दळायचं. मग मळ्यावर भांगलणीची पात धरायची. सुगीत कणसं खुडायची, खळ्यावर उफणायला उभं राहायचं. तंबाखूच्या दिवसांत शेंडे खुडायचे, बगलेतले फुटवे काढायचे. चिकटा हाताला बसला की भाकरीचा घास कडू लागायचा. भांगलणीच्या एखाद्या दिवसाचं तिला पायली-दोन पायली धान्य मिळायचं. वाड्यावरच्या कामाचं मात्र काहीच नाही. उरलंसुरलं कोरड्यास, ताक, सणाला जुनं लुगडं. ‘गड्याची बायको आहे, तिनं करायचंच’ ही समजूत इतकी मुरलेली होती, की पणजीलाही त्यात वेगळं काही वाटत नव्हतं.

थोरला मुलगा आठ-नऊ वर्षांचा झाला की मालकाची ढोरं राखायला जायचा. त्याला दोन वेळची भाकरी मिळायची आणि घरातलं एक खाणारं तोंड कमी व्हायचं. माझे आजोबा असेच चाकरीला लागले.

इसाराचा शिलिंग

आता स्कॉटलंडकडं वळू. तिथं वर्षाचे दोन दिवस ठरलेले होते: मे महिन्यातला व्हिटसंडे आणि नोव्हेंबरातला मार्टिनमस. त्या सुमाराला तालुक्याच्या गावी गड्यांचा बाजार भरायचा. शेतकरी गर्दीतून फिरायचे, एखाद्या उभ्या गड्याला विचारायचे, बोली व्हायची. ठरलं की शेतकरी त्याच्या हातावर बहुधा एक शिलिंग ठेवायचा. तो शिलिंग घेतला की गडी बांधला गेला. आमच्या इसाराचीच ही रीत, हजारो मैलांवर. सडाफटिंग गडी सहा महिन्यांसाठी लागायचा आणि लग्न झालेला वर्षासाठी.

मोठ्या शेतावर गड्यांची उतरंड असायची. सगळ्यांवर मुकादम. त्याच्याखाली घोड्यांची पहिली जोडी हाकणारा, मग दुसरी, तिसरी. शेवटी पडेल ते काम करणारा आणि हाताखालचं पोरगं. पहाटे उठून घोड्यांना चारा घालायचा, सहाला जोडी जुंपायची, मधल्या सुट्टीसह दहा तास नांगरायचं, आणि रात्री आठला पुन्हा तबेल्यात जाऊन घोड्यांचा खरारा करायचा. बैलाच्या जागी घोडा ठेवला तर हा माझ्या पणजोबांचाच दिवस होतो.

लग्न झालेल्या गड्याचा मोबदला बराचसा वस्तूंत असायचा, निदान देशाच्या दक्षिण-पूर्व भागात तरी. ओट, बार्ली, वाटाणा, बटाटे लावायला जमिनीची पट्टी, गाय चारायचा हक्क, कोळसा गाडीनं आणून देणं आणि राहायला झोपडीवजा घर. पैसा थोडा. त्यामुळं धान्याचे भाव चढले तरी गड्याच्या घरी पीठ असायचं. आमच्या सालात जोंधळा का महत्त्वाचा होता, ते यावरून कळतं. दुष्काळाच्या तोंडावर जगणाऱ्या माणसाला रुपायापेक्षा कणगीतल्या जोंधळ्याचा भरवसा वाटतो.

बाई पुरवायची अट

या दक्षिण-पूर्व स्कॉटलंडात, म्हणजे एडिंबरापासून इंग्लंडच्या सीमेपर्यंतच्या पट्ट्यात, सालाची एक अट होती. घर मिळवायचं तर गड्यानं शेतावर काम करायला एक बाई पुरवायची. बायको लेकुरवाळी असेल तर मुलगी, मुलगी नसेल तर बहीण, आणि तीही नसेल तर बाजारातून दुसरी मुलगी ठरवून आणायची आणि आपल्याच खोलीत ठेवून घ्यायची. तिला बाँडेजर म्हणत. शेतकऱ्यानं बोलावलं त्या दिवशी तिनं शेतावर हजर राहायचं. सलगम निंदायचे आणि उपटायचे, दगड वेचायचे, खत पसरायचं, मळणीयंत्राला पेंढ्या द्यायच्या. जाड्याभरड्या पट्ट्यांचा घागरा, पायात जड बूट, डोक्याला रुमाल आणि त्यावर गवती टोपी, असा त्यांचा वेश असायचा. त्या काळच्या छायाचित्रांत या बायका ओळीनं उभ्या दिसतात, हातात खोरी घेऊन.

तिच्या कामाचे दिवस मोजून शेतकरी पैसे द्यायचा, पण ते तिच्या हाती नाहीत, गड्याच्या हाती. गडी तिला ठरलेला पगार आणि जेवण द्यायचा. पावसाचे किंवा काम नसलेले दिवस आले तर शेतकऱ्याचं काही जायचं नाही. गड्याला मात्र तिला पोसावंच लागायचं. त्याशिवाय गड्याच्या बायकोनं सुगीचे ठरावीक दिवस फुकट कापणी करायची आणि त्यातून घरभाडं फेडायचं.

मुंबईच्या विल्सन कॉलेजचं नाव मराठी माणसाला परकं नाही. ज्यांनी १८३२ साली काढलेल्या शाळेतून ते वाढलं, ते जॉन विल्सन याच पट्ट्यातल्या लॉडर गावचे, शेतकऱ्याचे चिरंजीव. त्यांच्या लहानपणी अशा बायका आसपासच्या शेतांवर राबत असणार. स्कॉटलंड आणि आमचा मुलूख त्या काळी इतके जवळ आले होते.

१८६० च्या दशकात गड्यांनी संघ करून ‘बाई पुरवणार नाही’ असं म्हणायला सुरुवात केली. हळूहळू ही सक्ती ढिली पडली, तरी बायकांचं शेतकाम विसाव्या शतकातही चालूच राहिलं. मला यात एक गोष्ट मोलाची वाटते. तिथली अट जुलमी होती, पण ती बोलून दाखवलेली होती. बोललेल्या अटीविरुद्ध उभं राहता येतं. आमच्या पणजीवर कुणी अट घातली नाही, म्हणून तिला ‘नाही’ म्हणायला जागाच उरली नाही.

एका खोलीचा संसार

१८६१ च्या खानेसुमारीनुसार स्कॉटलंडमधली एक तृतीयांशाहून अधिक घरं एका खोलीची होती. काही हजार घरांना खिडकीसुद्धा नव्हती. शेतगड्याला मिळणारं घर असंच. खाली माती किंवा फरशी, एका अंगाला शेकोटी, आणि फळ्यांनी बंद केलेले पेटीसारखे पलंग. ते पलंगच आडोसा म्हणून उभे करायचे आणि एका खोलीच्या दोन करायच्या. आई-बाप, पोरं, कधी म्हातारी आजी आणि वर ती ठरवून आणलेली मुलगी, सगळ्यांचा संसार त्यात.

साल संपलं, नवं शेत ठरलं, की मे महिन्याच्या अखेरीस रस्ते गाड्यांनी भरायचे. १८८६ च्या कायद्यानं घर सोडायची तारीख २८ मे आणि २८ नोव्हेंबर ठरली. नव्या मालकाची गाडी दारात यायची. त्यात पलंग, चुलीची जाळी, कपाट, कोंबड्यांची खुराडी, वरती बाईमाणूस आणि पोरं. पुष्कळ घरं दर वर्ष-दोन वर्षांनी अशी हलायची. शेजार टिकायचा नाही, पोरांची शाळा मध्येच तुटायची.

सडे गडी वेगळ्या खोपटात राहायचे. त्यांना आठवड्याला साडेसतरा पौंड, म्हणजे सुमारे आठ किलो, ओटचं पीठ आणि रोज दूध मिळायचं. पिठात मीठ घालून वर उकळतं पाणी ओतायचं, ढवळायचं आणि खायचं. सकाळी तेच, दुपारी तेच, रात्री तेच. आमच्याकडं हुलग्याचं माडगं, जोंधळ्याच्या कण्या आणि आंबील यांवर गड्याची घरं जगली. गरिबाचं ताट जगात कुठंही एका धान्याभोवतीच फिरतं.

आमच्या पणजोबांचं घर मालकाच्या परड्याला लागून होतं. कुडाच्या भिंती, वर उसाच्या पाल्याचं छप्पर. साल मोडलं तर घरही सोडावं लागेल, ही भीती पणजीच्या मनात कायम असायची. स्कॉटलंडच्या गड्याचीही अवस्था तीच. घर चाकरीला जोडलेलं असलं की माणूस मालकापुढं मान वर करून बोलू शकत नाही.

कायदा कुणाच्या बाजूला होता

आज आपल्याला वाटतं, चाकरी सोडणं हा माणसाचा हक्क आहे. त्या काळी तसं नव्हतं. ब्रिटनमध्ये मुदतीआधी चाकरी सोडून गेलेल्या नोकराला तुरुंगात टाकता येत असे. मालकानं करार मोडला तर मात्र तो दिवाणी मामला ठरे. हा भेद १८७५ च्या कायद्यानं संपला. हिंदुस्थानात १८५९ साली तसलाच कायदा आला. आगाऊ रक्कम घेऊन काम सोडणाऱ्या मजुराला शिक्षा करायची त्यात सोय होती. आधी मुंबई, कलकत्ता, मद्रास या शहरांसाठी केलेला तो कायदा पुढं अनेक जिल्ह्यांना लागू झाला, आणि तो रद्द करायचं ठरलं ते १९२५ साली. म्हणजे विलायतेतल्या मजुराला जी मोकळीक १८७५ मध्ये मिळाली, ती आपल्या मजुराला मिळायला आणखी पन्नास वर्षं गेली.

आणि इथंच दोन घरांच्या वाटा फुटतात. स्कॉटलंडचा गडी गरीब होता, पण सहसा मालकाचा कर्जदार नव्हता. साल संपलं की तो पुढच्या बाजारात उभा राहू शकत होता. आमचा गडी उचल घ्यायचा. लेकीच्या लग्नाला, आजारपणाला, मयताला. पाडवा यायचा तेव्हा हिशेबात चाकरी संपलेली असायची आणि उचल शिल्लक असायची. मग पुढचं साल त्याच दारात. बाप वारला तर उचल मुलाच्या नावावर चढायची. कन्नडमध्ये याला जीत म्हणतात. वेठबिगारी बंद करणारा देशाचा कायदा १९७६ साली झाला, तोपर्यंत आमच्या भागातल्या कितीतरी पिढ्या यात गेल्या.

दुसरा फरक जातीचा. स्कॉटलंडचा गडी रविवारी मालकाच्याच चर्चमध्ये, मागच्या बाकावर का होईना, बसायचा. आमच्याकडं गावकुसाबाहेरच्या माणसानं ज्या मळ्यात घाम गाळला, त्या मळ्याच्या विहिरीचं पाणी त्याला वरून ओतून घ्यावं लागे. शेजारच्या करवीर संस्थानात राजर्षी शाहू महाराजांनी १९१८ साली महार वतनं रद्द करून त्या लोकांना गावकीच्या वेठीतून सोडवलं. १९२५ साली निपाणीला बहिष्कृत वर्गाची प्रांतिक परिषद भरली, तिला बाबासाहेब आंबेडकर आले होते. आमच्या भागातल्या मजुराच्या इतिहासात या दोन तारखा कोणत्याही लढाईच्या तारखेपेक्षा मोठ्या आहेत.

दुष्काळाचंही सांगायला हवं. १८७६ चा पाऊस गेला आणि बेळगाव जिल्हा होरपळला. १८७२ ची खानेसुमारी आणि १८८१ ची खानेसुमारी यांच्यामध्ये जिल्ह्याची लोकसंख्या वाढायच्या ऐवजी घटली. अशा वेळी मालक पहिल्यांदा गड्याचं साल मोडायचा, कारण बैलांनाच वैरण नसायची. मग सारं घर सरकारी दुष्काळी कामावर, खडी फोडायला आणि रस्त्याला. तिथं एक वेगळी गोष्ट होती. सरकारच्या हिशेबात पुरुष, बाई आणि मूल यांची मजुरी वेगवेगळी धरलेली होती. बाईची कमी होती, पोटापुरतीच होती, तरी ती तिच्या कामाची म्हणून मोजलेली होती. सुबत्तेच्या सालात जी बाई हिशेबात नव्हती, ती दुष्काळात हिशेबात आली.

शाळेची पायरी

स्कॉटलंडमध्ये गावोगावी शाळा ठेवायची परंपरा जुनी. १८५५ च्या विवाहनोंदींत दहांपैकी जवळजवळ नऊ पुरुषांनी आणि चारांपैकी तीन बायकांनी आपली सही स्वतः केली होती. १८७२ च्या कायद्यानं पाच ते तेरा वर्षांच्या मुलांचं शिक्षण सक्तीचं झालं. तरीही बटाटे काढायचे दिवस आले की मुलं शेतावर जायची; पुढं शाळांनीच त्या दिवसांत सुट्टी द्यायला सुरुवात केली. पण अक्षर घरात आलं होतं. गड्याचं पोरगं पत्र लिहू शकत होतं, कॅनडा-न्यूझीलंडला गेलेल्या भावाचं पत्र वाचू शकत होतं, आणि एक दिवस स्वतःही जहाजावर चढू शकत होतं. शेतकाम सोडून ग्लासगोच्या कारखान्यांत आणि रेल्वेत अशीच हजारो पोरं गेली. गडी मिळेनासे झाले तेव्हा मजुरी वाढली. १९१२ साली शेतगड्यांची मोठी संघटना उभी राहिली.

शाहू महाराजांनी करवीर संस्थानात १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. सदलगा इंग्रजी मुलखात, त्यामुळं तो हुकूम आम्हाला लागू नव्हता. माझे आजोबा ढोरांमागंच राहिले. आमच्या घरात पहिली पाटी आली ती वडिलांच्या वेळी, आणि बाईच्या हातात आली ती माझ्या वेळी. मी शाळेत शिकवायला लागले तेव्हा सुगीच्या आठवड्यात वर्ग अर्धा व्हायचा. त्या रिकाम्या जागा कुणाच्या आहेत, हे मला पटावर न बघताही सांगता यायचं.

स्कॉटलंडच्या गड्याला अक्षरानं आणखी एक गोष्ट दिली. तिथं १८४१ पासूनच्या खानेसुमारीत आणि १८५५ पासूनच्या जन्म-मृत्यूच्या नोंदींत प्रत्येक घरातल्या प्रत्येक माणसाचं नाव आहे: नांगऱ्याचं, त्याच्या बायकोचं, पोरांचं, त्या बाँडेजर मुलीचंही. खानेसुमारीच्या नोंदी शंभर वर्षांनी लोकांसाठी खुल्या होतात. त्या माणसांची पणतवंडं आज त्या उघडून बघू शकतात. आमच्या जिल्ह्याचं गॅझेटियर १८८४ साली निघालं. त्याचे संपादक जेम्स कॅम्पबेल हेही स्कॉटिश, एका धर्मोपदेशकाचे पुत्र. त्यांनी जमिनीचा कस लिहिला, पिकं लिहिली, अवजारं, बाजारभाव, मजुरी लिहिली. ते काम थोर आहे. पण त्या जाडजूड पुस्तकात माझ्या पणजीसारख्या बाईचं नाव येण्याचं काही कारणच नव्हतं. जमीन नाही, म्हणून उताऱ्यावर नाव नाही. साल तिचं नाही, म्हणून मालकाच्या वहीतही नाही.

रीत अजून चालू आहे

आमचा भाग बदलला. १८८० च्या दशकात रेल्वे आली, गोकाकच्या धबधब्याजवळ सूतगिरणी आली. निपाणीत तंबाखूच्या वखारी वाढल्या आणि सालगड्यांच्या लेकी-सुना तिथं चाळणीवर बसल्या. नाकातोंडात तंबाखूची धूळ, खोकला, आणि मजुरी मुकादमाच्या मर्जीवर. तंबाखूच्या भावासाठी १९८१ साली शरद जोशींच्या नेतृत्वाखाली शेतकरी निपाणीच्या महामार्गावर बसले, गोळीबार झाला, शेतकरी मेले. ते आंदोलन सगळ्यांच्या लक्षात आहे. त्याच सुमाराला वखारीतल्या बायका प्रा. सुभाष जोशी यांच्यासोबत संघटना बांधून मजुरी वाढवून घेत होत्या, हे मात्र फार थोड्यांना आठवतं. ‘युगांतर’ या गटानं १९८२ साली त्यांच्यावर माहितीपट केला, म्हणून त्यांचे चेहरे तरी राहिले.

१९७४ च्या कर्नाटकातल्या जमीन सुधारणेनं कुळांना जमीन मिळाली. ते न्याय्यच झालं. पण सालगडी कूळ नव्हता. जो दुसऱ्याच्या बैलांनी, दुसऱ्याच्या बियाण्यानं, दुसऱ्याच्या रानात राबला, त्याला दावा सांगायला कागद नव्हता. आज सालगडी मिळत नाही, अशी तक्रार मळेवाले करतात. ट्रॅक्टर आला, पोरं एमआयडीसीत गेली. ते बरंच झालं.

पण ऑक्टोबर-नोव्हेंबरात चिकोडी-निपाणीच्या रस्त्यावर उभं राहा. साखर कारखान्यांची धुराडी पेटतात आणि बीडकडून ट्रक येतात. ट्रकात संसार: पत्रे, भांडी, चूल, कोंबडी आणि पोरं. स्कॉटलंडच्या मे महिन्यातल्या त्या गाड्यांची वर्णनं वाचताना मला हेच ट्रक दिसत होते. मुकादमानं पावसाळ्यात उचल दिलेली असते. नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता. नवरा ऊस तोडतो, बायको मोळी बांधते, डोक्यावर घेऊन ट्रॅक्टरवर चढवते, पहाटे उठून भाकरी करते, रात्री पुन्हा गाडी भरायला जाते. उचल बहुधा नवऱ्याच्या हाती, हिशेब नवऱ्याच्या नावानं. एक दिवस बुडला की खाडा, त्याचा दंड दोघांचा मिळून. पाळीच्या दिवसांत, बाळंतपणातही खाडा परवडत नाही. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांची गर्भाशयं मोठ्या प्रमाणावर काढली गेल्याचं उघड झालं, तेव्हा २०१९ साली महाराष्ट्र सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. ते दुखणं फक्त दवाखान्याचं नाही. बाईची मजुरी वेगळी मोजायचीच नाही, या जुन्या रीतीचं ते दुखणं आहे.

स्कॉटलंडच्या गड्यांनी एकोणिसाव्या शतकात जी अट नाकारली, ती आपण एकविसाव्या शतकात पाळतो आहोत, आणि तीही १९७६ चा समान वेतनाचा कायदा झाल्यानंतर. यात बदल करायला क्रांतीची गरज नाही. मुकादमाच्या वहीत दोन नावं लिहावीत. उचल दोघांच्या वेगळ्या सहीनं द्यावी. कारखान्यानं तोडणीची रक्कम दोन खात्यांत भरावी. खाड्याचा दंड बंद करावा आणि बाळंतपणाची रजा भरपगारी द्यावी. आपल्या भागातले अनेक कारखाने सहकारी आहेत, म्हणजे त्यांचे सभासद तुमच्या-आमच्यासारखे ऊसवाले शेतकरी आहेत. पुढच्या वार्षिक सभेत एका सभासदानं उठून एवढंच विचारावं: आपल्या कारखान्याच्या तोडणी बिलात बायकांची नावं किती आहेत? उत्तर मिळेपर्यंत खाली बसू नये.